विश्लेषण : गेममधल्या बुटांना ‘ताकद’ कोणती मिळणार, हे कोण ठरवते?

दोन मुले एकाच ऑनलाइन शूटर गेममध्ये एकाच दुकानातून एकसारखे बूट घेतात. किंमत तीच, रंग तोच. आठवडाभर खेळल्यावर एकाच्या बुटांना वेगाने पोहण्याची ताकद मिळते, तर दुसऱ्याच्या बुटांना भलतीच, त्याच्या काही कामाची नसलेली. दोघांनी मेहनत सारखीच केलेली असते, फरक फक्त नशिबाचा असतो. पण हे ‘नशीब’ नेमके असते कसे? त्यामागे गणित आहे, संगणकाची एक युक्ती आहे आणि या उद्योगाचा पैसाही आहे. घरातले मूल ‘अजून एकच मॅच’ म्हणते, तेव्हा त्यामागे अनेकदा हीच यंत्रणा असते. निन्टेन्डोच्या ‘स्प्लॅटून’ या गाजलेल्या खेळाच्या उदाहरणातून ती समजून घेऊ.

हा खेळ नेमका काय आहे?

‘स्प्लॅटून’ हा जपानी कंपनी निन्टेन्डोचा शूटर गेम. पहिला भाग २०१५ मध्ये ‘वी यू’ या यंत्रावर आला, दुसरा २०१७ मध्ये ‘स्विच’वर आणि तिसरा ९ सप्टेंबर २०२२ रोजी. तिसऱ्या भागाच्या पहिल्या तीन दिवसांत एकट्या जपानमध्ये ३४ लाख ५० हजार प्रती विकल्या गेल्याचे कंपनीने तेव्हा जाहीर केले होते.

यात बंदुकीतून गोळी नाही, रंग उडतो. चार-चार खेळाडूंचे दोन संघ असतात. मुख्य प्रकारात तीन मिनिटांत ज्या संघाने जास्त जमीन आपल्या रंगाने माखली, तो जिंकतो. पात्रे म्हणजे माणसाचे रूप घेणारे स्क्विड. आपल्या रंगात ती बुडी मारून वेगाने पोहतात, तर शत्रूच्या रंगात पाय अडखळतात. रक्तपात नसल्याने हा खेळ मुलांमध्येही लोकप्रिय आहे. अनुभवी खेळाडूंसाठी मात्र तो बराच डावपेचांचा आहे, आणि त्या डावपेचांत कपड्यांना मोठे महत्त्व आहे.

‘गिअर’ आणि क्षमता म्हणजे काय?

प्रत्येक खेळाडू तीन वस्तू अंगावर चढवतो : डोक्यावर टोपी किंवा चष्म्यासारखे काही, अंगात कपडा आणि पायांत बूट. यांना मिळून ‘गिअर’ म्हणतात. प्रत्येक वस्तूवर एक मोठी जागा असते आणि एक ते तीन छोट्या जागा. प्रत्येक जागेत एक क्षमता बसते. पळण्याचा वेग, पोहण्याचा वेग, रंगाची टाकी लवकर भरणे, बाद झाल्यावर लवकर परतणे, शत्रूच्या रंगात कमी अडखळणे अशा या क्षमता असतात.

मोठ्या जागेतली क्षमता वस्तू विकत घेतानाच दिसते. छोट्या जागा मात्र सुरुवातीला रिकाम्या असतात. ती वस्तू घालून सामने खेळले की तिला अनुभवाचे गुण मिळतात आणि ठरावीक गुण झाले की एक जागा भरते. तिथे कोणती क्षमता येणार, हे खेळाडूच्या हातात नसते. इथेच चिठ्ठी निघते.

तिसऱ्या भागात एकूण २६ क्षमता आहेत. त्यातल्या १२ फक्त मोठ्या जागेतच असू शकतात. उदाहरणार्थ, पोहताना शत्रूला जवळपास न दिसू देणारी ‘निन्जा स्क्विड’ किंवा उडी मारल्यावर कुठे उतरणार ते लपवणारी ‘स्टेल्थ जंप’. उरलेल्या १४ क्षमता छोट्या जागांत येऊ शकतात. म्हणजे चिठ्ठी निघते ती या १४ मधून.

सगळ्या चिठ्ठ्या सारख्या नसतात का?

नसतात, आणि गंमत इथेच आहे. खेळातल्या प्रत्येक वस्तूला एक काल्पनिक ब्रँड असतो आणि बहुतेक ब्रँडचा एक लाडका व एक नावडता असतो. खेळाच्या संगणकीय फाइल वाचणाऱ्या खेळाडूंनी त्याचे प्रमाण शोधून काढले आहे. साध्या क्षमतेचे वजन २, लाडक्या क्षमतेचे १० आणि नावडतीचे १.

समजा एका टोपलीत चिठ्ठ्या टाकल्या. १२ साध्या क्षमतांच्या प्रत्येकी दोन, म्हणजे २४. लाडकीच्या १०. नावडतीची एक. एकूण ३५ चिठ्ठ्या. आता डोळे मिटून एक काढा. लाडकी निघण्याची शक्यता ३५ पैकी १०, म्हणजे २८.६ टक्के. एखादी साधी क्षमता निघण्याची शक्यता ५.७ टक्के. नावडती निघण्याची शक्यता जेमतेम २.९ टक्के.

‘क्रॅक-ऑन’ या ब्रँडची लाडकी क्षमता पोहण्याचा वेग. ‘रॉकेनबर्ग’ची लाडकी पळण्याचा वेग, पण त्याच ब्रँडला पोहण्याचा वेग नावडता. त्यामुळे पोहण्याचा वेग हवा असलेल्या खेळाडूने क्रॅक-ऑनचे बूट घेतले तर त्याच्या टोपलीत हव्या असलेल्या १० चिठ्ठ्या असतात, रॉकेनबर्गचे घेतले तर एकच. बूट दिसायला कितीही छान असोत, दुकानातच अर्धी लढाई ठरते. ‘कटलगिअर’, ‘ग्रिझ्को’ असे काही ब्रँड तटस्थ आहेत. तिथे १४ क्षमतांची प्रत्येकी एक चिठ्ठी, म्हणजे प्रत्येकीची शक्यता ७.१ टक्के.

खेळात पेयाची कूपनेही मिळतात. एखाद्या क्षमतेचे पेय घेऊन सामने खेळले की काही सामन्यांपुरती त्या क्षमतेची शक्यता वाढते. टोपलीत आपल्या नावाच्या थोड्या जादा चिठ्ठ्या टाकून घेण्याचा हा मार्ग.

तिन्ही जागी हवी तीच क्षमता येणे किती कठीण?

अनेक खेळाडूंना तिन्ही छोट्या जागी एकच क्षमता हवी असते. अशा गिअरला ‘प्युअर’ म्हणतात. लाडक्या क्षमतेसाठी हे गणित ३५ पैकी १० ही शक्यता तीनदा गुणून येते : ३४३ पैकी ८, म्हणजे सुमारे २.३ टक्के. साधारण ४३ प्रयत्नांत एकदा. तटस्थ ब्रँडमध्ये हीच शक्यता २७४४ मध्ये एक. एखाद्या ब्रँडच्या साध्या क्षमतेसाठी सुमारे ५३५९ मध्ये एक. आणि नावडत्या क्षमतेसाठी ४२ हजार ८७५ मध्ये एक.

एक प्रयत्न म्हणजे बटण दाबणे नव्हे. तिन्ही जागा भरेपर्यंत सामन्यांमागून सामने खेळावे लागतात. त्यामुळे शेवटच्या आकड्याला व्यवहारात काही अर्थ उरत नाही. कुणीही शाळा-कॉलेज सांभाळून तितके खेळू शकत नाही.

‘इतके दिवस आले नाही, आता तरी येईलच’ हे खरे का?

खरे नाही, पण जवळपास प्रत्येक खेळाडूला तसे वाटते. लुडो खेळताना सहा पडत नसला की पुढच्या वेळी पडणारच असे वाटते, तसेच हे. फाशाला आधीचे डाव आठवत नाहीत. टोपलीतून निघालेली चिठ्ठी दर वेळी परत टोपलीत पडते आणि ३५ पैकी १० हे प्रमाण तसेच राहते.

उलट्या बाजूनेही पाहावे. लाडकी क्षमता सलग दहा वेळा न निघण्याची शक्यता सुमारे ३.५ टक्के आहे. ऐकायला कमी वाटते. पण हजार खेळाडूंनी दहा-दहा चिठ्ठ्या काढल्या तर त्यातल्या साधारण ३५ जणांच्या वाट्याला हेच दुर्दैव येणार. ते ३५ जण मग ‘गेममध्ये काहीतरी घोळ आहे’ असे म्हणतात. उरलेल्यांपैकी कुणी ‘माझे सगळे बरोबर आले’ असे सांगत फिरत नाही. त्यामुळे यादृच्छिक गोष्टींबद्दल तक्रारी नेहमी जास्त ऐकू येतात.

मग नशिबावर उतारा काय?

पहिल्या ‘स्प्लॅटून’मध्ये मार्ग एकच होता. स्पाइक नावाच्या पात्राकडे ३० हजार नाणी किंवा एक ‘सुपर सी स्नेल’ द्यायचा आणि सगळ्या छोट्या जागांची चिठ्ठी पुन्हा काढायची. काय येईल ते पुन्हा नशिबावरच. नाणी संपली तरी हवे ते मिळेलच याची खात्री नसे.

दुसऱ्या भागात निन्टेन्डोने महत्त्वाचा बदल केला. मर्च नावाच्या पात्राकडे गिअर पुसून घेता येते आणि पुसलेल्या प्रत्येक क्षमतेचा एक तुकडा, म्हणजे ‘चंक’, खेळाडूच्या खात्यात जमा होतो. पुरेसे तुकडे साठले की हवी ती क्षमता हव्या त्या जागी स्वतः बसवता येते. एकाच गिअरवर तीच क्षमता पहिल्यांदा बसवायला १० तुकडे, दुसऱ्यांदा २०, तिसऱ्यांदा ३०. म्हणजे ‘प्युअर’ गिअरसाठी एकूण ६० तुकडे.

याने चित्र कसे बदलते ते पाहा. क्रॅक-ऑनच्या वस्तूंवर पोहण्याच्या वेगाचे ६० तुकडे फक्त चिठ्ठ्यांतून जमवायचे तर सरासरी २१० चिठ्ठ्या लागतील, म्हणजे तीन जागांची वस्तू साधारण ७० वेळा भरून पुसावी लागेल. तटस्थ ब्रँडवर ८४० चिठ्ठ्या लागतील आणि रॉकेनबर्गवर २१००. ही मेहनत कमी नाही, पण तिला शेवट आहे. शिवाय पेयाची कूपने आणि ‘सामन रन’ या सहकारी खेळप्रकाराच्या बक्षिसांतून मिळणारे तुकडे यांमुळे ती आणखी घटते.

आधी खेळाडू रिकाम्या हाताने परतण्याची शक्यता होती. आता नको असलेली चिठ्ठीही फुकट जात नाही, ती दुसऱ्या कुठल्या तरी गिअरसाठी उपयोगी पडते. रोजचे चार पैसे भिशीत टाकण्यासारखे हे आहे : लॉटरी कधी लागेल ते सांगता येत नाही, भिशीची रक्कम मात्र मोजता येते.

संगणक खरोखर चिठ्ठी काढतो का?

काढत नाही. संगणक हे हिशेबी यंत्र आहे. त्याला ‘काहीही एक आकडा सांग’ म्हटले तर तो एका सूत्राने आकडा तयार करतो. सुरुवातीच्या आकड्याला ‘सीड’, म्हणजे बीज, म्हणतात. उदाहरणार्थ बीज ७ घ्या. त्याला ५ ने गुणा, ३ मिळवा, १६ ने भागा आणि बाकी ठेवा. येते ६. त्याच्यावर पुन्हा तीच क्रिया केली की १, मग ८, मग ११, मग १०. सूत्र माहीत नसलेल्याला हे आकडे विस्कळीत वाटतात. पण बीज आणि सूत्र दोन्ही माहीत असतील तर पुढचा प्रत्येक आकडा आधीच सांगता येतो. खऱ्या खेळांतली सूत्रे यापेक्षा खूप गुंतागुंतीची असतात, तत्त्व मात्र हेच.

‘स्प्लॅटून’मध्ये प्रत्येक गिअरला स्वतःचे वेगळे बीज असते. त्यामुळे त्या बुटांवर पुढच्या चिठ्ठ्या कोणत्या निघणार, हे खेळाडू सामने खेळण्याआधीच ठरलेले असते. जाणकार खेळाडूंनी हे ओळखले आणि आपल्या खात्यातली माहिती वाचून पुढच्या क्षमता सांगणारी साधनेही बनवली. कोणत्या चिठ्ठीच्या वेळी पेय घ्यायचे, कोणत्या वेळी नाही, याचे नियोजन ते करू लागले. ज्याला बाकीचे नशीब म्हणत होते, ते त्यांच्यासाठी वेळापत्रक झाले.

यात फसवणूक नाही. लाखो वस्तूंचा एकत्र विचार केला तर प्रमाण ठरल्याप्रमाणेच राहते. पण ‘मी पहाटे खेळतो तेव्हा चांगले येते’ किंवा ‘जिंकल्यावर लगेच जागा भरली की लाडकी क्षमता येते’ अशा समजुतींना आधार नाही, हे यावरून कळते. पहाट असो वा दुपार, यादी तीच असते.

चिठ्ठ्यांतच चूक असेल तर?

हा प्रश्न काल्पनिक नाही. बंजी या अमेरिकी कंपनीच्या ‘डेस्टिनी २’ या ऑनलाइन शूटर गेममध्ये २०२४ च्या अखेरीस नेमके हेच घडले. त्या खेळात बंदुकांवर दोन स्तंभांतून एकेक गुण यादृच्छिकपणे येतो. दोन्ही स्तंभांतले हवे ते गुण एकत्र आले की त्याला ‘गॉड रोल’ म्हणतात. स्तंभात सात-सात गुण असतील तर कोणतीही एक जोडी साधारण ४९ बंदुकांत एकदा यायला हवी.

पण काही जोड्या येतच नव्हत्या. ऑक्टोबरमध्ये आलेल्या ‘व्हेस्पर्स होस्ट’ या मोहिमेतल्या एका बंदुकीची सर्वांना हवी असलेली जोडी फारच थोड्यांना मिळत होती. सुरुवातीला ही नेहमीचीच रडगाणी वाटली. कंपनीनेही सांगितले की कोणतीही जोडी मुद्दाम दुर्मीळ केलेली नाही. खेळाडूंनी मात्र हजारो बंदुकांची नोंद गोळा केली. त्यातून दिसले की यादीत एकमेकांच्या जवळच्या क्रमांकांवर असलेले गुण वारंवार जोडीने येतात, तर दूरच्या क्रमांकांवरचे क्वचित.

मग कंपनीने पुन्हा तपास केला आणि यादृच्छिक आकडे तयार करण्याच्या पद्धतीतच दोष असल्याचे मान्य केले. मुद्दाम कुणी काही केले नव्हते, पण चिठ्ठ्या नीट ढवळल्या जात नव्हत्या. पुढे तो दोष दुरुस्त करण्यात आला. दरम्यान अनेकांनी अशा जोडीसाठी तासन् तास घालवले होते.

यातून दोन धडे मिळतात. एकट्याच्या दुर्दैवावरून घोळ सिद्ध होत नाही, त्यासाठी मोठी नोंद लागते. आणि ‘आमच्याकडून सगळे बरोबर आहे’ हे कंपनीचे प्रामाणिक उत्तरही चुकीचे असू शकते, कारण चूक तिच्याही लक्षात आलेली नसते.

नशीब सामन्याचा निकाल ठरवते का?

‘स्प्लॅटून’मध्ये तसे होऊ नये याची काळजी घेतलेली दिसते. मोठ्या जागेतल्या क्षमतेला १० गुण, छोट्या जागेतल्या क्षमतेला ३. तीन मोठ्या आणि नऊ छोट्या जागा मिळून जास्तीत जास्त ५७ गुण होतात. पण गुण वाढतील तसा प्रत्येक नव्या गुणाचा फायदा कमी होत जातो. उसाच्या रसाचा पहिला ग्लास जितकी तहान भागवतो, तितकी चौथा भागवत नाही, तसेच हे.

म्हणूनच अनेक अनुभवी खेळाडू सगळे ‘प्युअर’ करण्याच्या मागे लागत नाहीत. शत्रूच्या रंगात कमी अडखळण्याची एक छोटी जागा, बॉम्बपासून बचावाची एक, लवकर उडी मारण्याची एक अशी फुटकळ वाटणी ते करतात, कारण पहिल्या तीन गुणांतच चांगला फरक पडतो. नवख्या खेळाडूच्या गिअरवर अशा भिन्न क्षमता आपोआप आलेल्या असतात. म्हणजे ज्याला तो ‘वाईट नशीब’ म्हणतो, ते अनेकदा बऱ्यापैकी उपयोगी असते.

पहिल्या भागात मारा वाढवणारी आणि मार कमी करणारी अशा दोन क्षमता होत्या. दुसऱ्या भागात त्या काढून टाकल्या गेल्या. किती फटक्यांत कोण बाद होणार, हे मूळ गणित गिअरने बदलू लागले की ज्याचे गिअर चांगले तो आधीच पुढे असतो. आता गिअर खेळाडूला थोडे चपळ किंवा थोडे काटकसरी करते, पण नेम धरण्याचे काम त्यालाच करावे लागते.

यात पैसा कुठे येतो?

‘स्प्लॅटून’मध्ये क्षमतेची चिठ्ठी खऱ्या पैशांनी विकत घेता येत नाही. खेळ विकत घ्यावा लागतो, ऑनलाइन खेळण्यासाठी वर्गणी लागते, तिसऱ्या भागाला पैसे देऊन घ्यायचा जादा भागही आहे. ‘अमीबो’ नावाच्या बाहुल्या घेतल्या तर काही खास कपडे मिळतात. पण ‘शंभर रुपये दे आणि पुन्हा चिठ्ठी काढ’ असे बटण तिथे नाही. खेळाडू खर्च करतो तो वेळ.

अनेक खेळांत मात्र असे बटण असते. पैसे देऊन बंद पेटी घ्यायची, आत काय आहे ते उघडल्यावर कळणार. हीच ‘लूट बॉक्स’. जपानमध्ये या प्रकाराला ‘गाचा’ म्हणतात. तिथल्या ग्राहक व्यवहार संस्थेने २०१२ मध्ये ‘कोम्पू गाचा’ हा प्रकार बेकायदा ठरवला. त्यात अनेक पेट्यांतून ठरावीक वस्तूंचा संच पूर्ण केला तरच मोठे बक्षीस मिळे. एखादी वस्तू राहिली की माणूस पैसे ओततच राही. चीनने मे २०१७ पासून कंपन्यांना शक्यता जाहीर करायला लावल्या, तर अॅपलने त्याच वर्षाच्या अखेरीस अॅप स्टोअरसाठी तसाच नियम केला. एप्रिल २०१८ मध्ये बेल्जियमच्या गेमिंग आयोगाने ‘फिफा १८’, ‘ओव्हरवॉच’ आणि ‘सीएस: गो’ या खेळांतल्या पैशांच्या पेट्या जुगाराच्या कायद्याखाली येतात असे ठरवले. त्यानंतर ऑगस्ट २०१९ मध्ये खुद्द निन्टेन्डोने आपले दोन मोबाइल गेम बेल्जियममध्ये बंद केले.

म्हणजे एकाच कंपनीच्या एका खेळात चिठ्ठी वेळेची आहे आणि दुसऱ्यात पैशांची होती. गणित दोन्हीकडे सारखेच, पण परिणाम वेगळे. वेळेला निदान दिवसाच्या २४ तासांची मर्यादा असते. फोनला जोडलेल्या बँक खात्याला तशी मर्यादा कुणीतरी घालावी लागते.

भारतात काय स्थिती आहे?

भारतातल्या मोबाइल खेळाडूंना ही यंत्रणा ‘बीजीएमआय’सारख्या खेळांतून परिचित आहे. तिथे खऱ्या पैशांनी ‘यूसी’ घेऊन ‘क्रेट’ उघडता येतात आणि आत कोणता पोशाख किंवा बंदुकीची कोणती सजावट निघेल ते आधी कळत नाही. अशा वस्तूंचा मुख्य भाग सजावटीचा असतो. पण मित्रांमध्ये मिरवण्याची हौस मुलांना पुन्हा पुन्हा क्रेट उघडायला लावते.

संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगविषयी कायदा केला. पैसे किंवा तत्सम काही पणाला लावून त्या बदल्यात पैसे वा अन्य लाभ जिंकण्याची अपेक्षा असलेल्या खेळांना बंदी आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता, हा त्याचा मुख्य रोख आहे. घरातले मूल गेममध्ये किती चिठ्ठ्या काढते आणि कशाच्या बदल्यात, हे मात्र कायद्यापेक्षा घरीच लवकर कळू शकते.

पालक आणि खेळाडूंनी काय तपासावे?

गेम चांगला की वाईट, या वादात न पडता चार साधे प्रश्न विचारता येतात. एक, चिठ्ठी काढायला काय मोजावे लागते : वेळ की पैसे? पैसे असतील तर फोनवरील खरेदीला पासवर्ड आणि खर्चाची मर्यादा लावावी. दोन, शक्यता जाहीर केल्या आहेत का? अनेक मोबाइल गेममध्ये त्या पेटीच्या पानावरच, बारीक अक्षरांत का होईना, दिलेल्या असतात. एक टक्का शक्यता म्हणजे शंभर पेट्यांत एक हमखास नव्हे. शंभर पेट्या उघडूनही साधारण ३७ टक्के लोक रिकाम्या हातानेच राहतात. तीन, नको असलेली चिठ्ठी पुढे उपयोगी पडते का, ‘स्प्लॅटून’च्या तुकड्यांसारखी? पडत असेल तर मेहनतीला शेवट आहे. चार, मिळालेली वस्तू सामना जिंकून देते की फक्त दिसायला छान आहे?

खेळाडूसाठी याशिवाय एक व्यावहारिक सूचना. हवी ती क्षमता कोणत्या ब्रँडची लाडकी आहे हे आधी पाहावे आणि मगच बूट घ्यावेत. क्रॅक-ऑन आणि रॉकेनबर्ग यांच्यातल्या निवडीला दुकानात दोन मिनिटे लागतात. चुकली तर तिची भरपाई करायला सरासरी दहापट चिठ्ठ्या काढाव्या लागतात, म्हणजे तितक्याच पटीने सामने आणि तितक्याच रात्री.